चार बोटं

“सोफा किती रुंद आहे?” डॉ. हर्डीकरांनी विचारलं.

सत्त्याऐंशी साली, मार्चच्या सुरुवातीच्या एका सकाळी, अणुभट्टीच्या हॉलमध्ये आम्ही तिघं उभे होतो. विभागप्रमुख डॉ. हर्डीकर, फिटर इंगवले आणि मी, मीनाक्षी देवस्थळी, वय सत्तावीस, हंगामी वैज्ञानिक. आमच्या मध्ये सोफा होता. संचालकांच्या खोलीतून चार माणसांनी तो उचलून आणला होता आणि त्याच्या पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल घातला होता. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून सचिव आमचं यंत्र बघायला येणार होते, आणि मोठ्या माणसाला उभ्यानं विज्ञान कळत नाही असं डॉक्टरांचं ठाम मत होतं.

मी कोटाच्या खिशातून शिवणाचा टेप काढला. ब्लाउज मी घरीच शिवत असे, त्यामुळे तो पिवळा टेप कायम माझ्याजवळ असायचा. आधी सोफा मोजला, मग नमुना ठेवायचा चौथरा आणि डिटेक्टरचा गाडा यांच्यामधली जागा मोजली.

“दोन इंच कमी पडतात, सर.”

“मग गाडा मागे घ्या. चांगला चार बोटं घ्या, म्हणजे कोंबल्यासारखं दिसणार नाही.”

इंगवले गाड्याच्या चाकापाशी वाकून बघत होते. ते म्हणाले, “सायेब, रेघ सुटंल.”

“रेघ काय पळून जाणार आहे का, इंगवले?”

“रेघ हितंच ऱ्हाईल. गाडा जाईल.”

आमचं यंत्र समजायला तसं सोपं होतं, डॉक्टर समजावून सांगत नसले तर. अणुभट्टीतून न्यूट्रॉन बाहेर येतात ते सगळ्या वेगांचे, सरमिसळ. त्यांच्या वाटेत एक फिरती तबकडी असते, तिला चॉपर म्हणायचं. तबकडीला एक फट असते. फट समोर आली की क्षणभर दार उघडतं आणि न्यूट्रॉनांचा एक घोळका सुटतो, शाळेच्या मैदानात शिट्टी वाजल्यावर पोरं सुटतात तसा. आठ मीटर पुढे डिटेक्टर बसलेला असतो. चपळ न्यूट्रॉन आधी पोचतात, आळशी मागून येतात. कोण किती वेळानं आला यावरून त्याचा वेग कळतो, आणि वेगावरून तरंगलांबी. चपळाची आखूड, आळशाची लांब. ज्या तरंगलांबीचे न्यूट्रॉन हवेत, तेवढे त्यांच्या वेळेवरून निवडून घ्यायचे. वाटेत धातूची कांडी ठेवली की तिच्यातल्या अणूंच्या थरांमध्ये किती अंतर आहे ते या तरंगलांब्या सांगतात. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींवर: वेळ आणि अंतर. वेळ मोजायला आमच्याकडे सेकंदाचा दहालाखावा भाग दाखवणारं परदेशी घड्याळ होतं. अंतर मोजायला इंगवले होते.

इंगवल्यांनी एकतीस वर्षांत ते अंतर किती वेळा मोजलं असेल त्याची गणती नाही. पोलादी टेपानं मोजायचं, दोनदा मोजायचं, आणि गाड्याच्या पुढच्या चाकाखाली जमिनीवर ऑइलपेंटची तांबडी रेघ मारायची. गाडा रेघेवर असला की आठ मीटर. दर दिवाळीला ते ती रेघ नव्यानं रंगवत. घरी त्यांच्या बायकोनं दारात काय काढलं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण रेघेचा रंग कुठे विटला ते पाठ होतं.

“सोफा पलीकडच्या अंगाला ठेवला तर?” मी विचारलं.

“तिथे फोटोला उजेड नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि शास्त्रीय चर्चा संपली.

चार माणसांनी पहारी लावून गाडा मागे रेटला. वर लाल गालिचा अंथरला, तो थेट चाकापर्यंत, त्यामुळे रेघ त्याखाली गेली. सोफा बसला. न्यूट्रॉनांची वाट त्याच्या बऱ्याच वरून, बंद नळीतून जात होती, त्यामुळे तो मध्ये येत नव्हता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं होतं. हॉलमध्ये शिरणाऱ्याला आधी सोफा दिसे आणि मग त्याच्या मागे यंत्रासारखं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सचिव आले. ते सोफ्यावर बसले नाहीत. पाठीचं दुखणं आहे, मऊ जागा चालत नाही, असं त्यांच्या स्वीय सहायकानं सांगितलं. ते चार मिनिटं उभे राहिले, डॉक्टरांचं न्यूट्रॉनपुराण ऐकलं, “यात पाणी कुठून सोडतात?” असं विचारलं आणि जेवायला गेले. श्रीखंड चांगलं होतं असं नंतर त्यांचं पत्र आलं.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते पुढेच. अणुभट्टीच्या हॉलमध्ये एकदा आत आलेली वस्तू किरणोत्सार तपासणीच्या दाखल्याशिवाय बाहेर नेता येत नाही. पाना असो, स्क्रू असो, नळी असो, प्रत्येकाचा छापील फॉर्म आहे. सोफ्याचा नव्हता. कुठल्या सदरात घालायचा यावर सुरक्षा विभाग आणि भांडार विभाग यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. तोवर सोफा जागेवर राहिला, म्हणून गालिचा जागेवर राहिला, आणि म्हणून गाडाही चार बोटं मागेच राहिला. डॉक्टरांची तक्रार नव्हती. ते रोज तिथे बसून वर्तमानपत्र वाचू लागले.

सचिव गेले त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता इंगवले माझ्या टेबलापाशी आले. ते मूळचे वाईकडचे. दुसऱ्या दिवसापासून वीस दिवसांच्या रजेवर निघाले होते.

“बाई, पोरीचं लगीन हाय. मी आता महिनाअखेरीलाच. सोफा हलला की चार मानसं लावा आन गाडा रेघंवर घ्या. न्हाईच हलला तर निदान वहीत लिवून ठेवा, गाडा मागं हाय म्हून.”

“हो, लिहीन.”

“आन काय बी मोजायच्या आदी सिलिकॉन लावा.”

“लावते, इंगवले. तुम्ही निर्धास्त जा.”

सिलिकॉन लावणं हा आमच्याकडचा रिवाज होता. शुद्ध सिलिकॉनची पूड भरलेला एक अंगठ्याएवढा डबा इंगवले स्वतःच्या कपाटात, धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवत. दर खेपेला नवं काम सुरू करण्याआधी एक दिवस तो डबा यंत्रात ठेवायचा. सिलिकॉनच्या अणूंमधलं अंतर जगाला ठाऊक आहे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. यंत्रानं तेच अंतर सांगितलं तर यंत्र बरोबर. वेगळं सांगितलं तर सिलिकॉन चुकलेला नसतो, आपण चुकलेले असतो. इंगवल्यांचं शिक्षण सातवी पास, पण हे त्यांना पक्कं कळलं होतं. डॉक्टर इंग्लंडात शिकून आले होते.

मी दुसऱ्या दिवशी सिलिकॉनचा विषय काढला. डॉक्टर सोफ्यावर होते.

“देवस्थळी, सिलिकॉन बदलत नाही हो. ब्रह्मदेवानं केलंय ते. त्याच्यावर दिवस कशाला घालवायचा? माझी कांडी लावा.”

कांडी हा डॉक्टरांचा जीव की प्राण. मिश्रधातूच्या दोन कांड्या होत्या. एक साधी, ती सचिवांच्या आधीच, गाडा रेघेवर असताना मोजून झाली होती. दुसरी डॉक्टरांनी तापवून, राखेत आणि भुशात पुरून, चाळीस दिवस हळूहळू गार केली होती. या प्रक्रियेला त्यांनी ‘मंदशीतन’ असं नाव दिलं होतं. शोध लागायचा होता, पण नाव तयार होतं.

वहीत लिहायचं माझ्याकडून राहिलं. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. एकोणतीस तारखेला, म्हणजे मार्चअखेर, मला कायम करायचं की नाही याची मुलाखत होती आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. हर्डीकर. माझ्याआधीचे दोन हंगामी त्यांनी ‘दृष्टिकोन विधायक नाही’ असा शेरा मारून घरी पाठवले होते. माझं घर म्हणजे मिरज. तिथे मामांनी एक विधुर इंजिनियर बघून ठेवला होता आणि तो थांबायला तयार आहे असं दर पत्रात लिहीत होते. कायम झाले तर मी न्यूट्रॉन मोजणार होते. नाही झाले तर इंजिनियरच्या दोन मुलांचे डबे भरणार होते. यापलीकडे मला त्या महिन्यात काही दिसत नव्हतं, हे मी कबूल करते.

दुसरी कांडी लावली, आठवडाभर मोजली आणि कागद बाहेर आला. मी आकडे दोनदा तपासले. गणित बरोबर होतं. मंदशीतन केलेल्या कांडीतले अणू पहिलीपेक्षा लांब लांब बसले होते. कांडी फुगली होती, शंभरात जवळजवळ एक.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि उभे राहिले. त्या सोफ्यावरून ते इतक्या झटकन उठलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

“देवस्थळी, हे काय आहे कळतंय का तुम्हाला?”

“फुगलीय, सर.”

“फुगलीय काय? हा हर्डीकर परिणाम आहे.”

हॉलमध्ये खायला बंदी, म्हणून पेढे बाहेर, बूट बदलायच्या बाकावर वाटले गेले. मी दोन खाल्ले. गाडा अजून मागेच आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण चार बोटं म्हणजे बोटंच, आठ मीटरमध्ये त्यांचं काय मोठंसं, असं मी मनाला सांगितलं. मन माझंच असल्यामुळे त्यानं ऐकलं. त्याच सुमाराला माझा पिवळा टेप कुठेतरी हरवला. मुलाखतीसाठी नवा ब्लाउज अंदाजानं बेतला, तो दंडाला असा आवळला की हात वर करता येईना.

मग चर्चासत्र झालं. सभागृह भरलं होतं. डॉक्टरांनी पाऊण तास मंदशीतनाचा महिमा सांगितला. शेवटी क्ष-किरण विभागाचे डॉ. कामत उठले. हडकुळे, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते उठले की डॉक्टर पाण्याचा पेला जवळ ओढत.

“हर्डीकर, लोखंडाला इतकं फुगायला लालबुंद तापावं लागतं. तुमची कांडी तर टेबलावर गार पडलीय.”

“म्हणूनच तर हा शोध आहे, कामत.”

“तीच कांडी मी मोजली. मला फुगलेली दिसली नाही.”

“दिसणार कशी? क्ष-किरण कातडी बघतात. न्यूट्रॉन काळीज बघतो.”

टाळ्या पडल्या. वाक्य चांगलंच होतं, आणि गंमत म्हणजे अर्धं खरंही होतं. क्ष-किरण धातूत फार खोल जात नाहीत, न्यूट्रॉन आरपार जातो. अर्ध्या खऱ्याला टाळ्या नेहमीच जास्त पडतात.

“काळीज एवढं सुजलं तर माणूस दगावतो,” कामत म्हणाले. “बरं, या खेपेला सिलिकॉन लावलं होतं का?”

“ते देवस्थळी बघतात,” डॉक्टर म्हणाले.

सभागृहातल्या शंभर माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले. हात वर करायची गरज नव्हती हे बरं झालं.

“वेळापत्रकात बसलं नाही, सर.”

कामत खाली बसले. संचालकांनी वर्तमानपत्रांसाठी प्रसिद्धीपत्रक काढायचं ठरवलं. जाताना डॉक्टर माझ्या खांद्यापाशी थांबून म्हणाले, “दृष्टिकोन विधायक आहे तुमचा.”

सव्वीस तारखेला इंगवले रजेवरून परतले. हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा. डॉक्टर सकाळपासून संचालकांकडे प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा घासूनपुसून लख्ख करत बसले होते. इंगवल्यांनी पुडा बाहेर ठेवला, बूट बदलले, हॉलमध्ये आले आणि सरळ गालिच्यापाशी गेले. मी यंत्राच्या दुसऱ्या बाजूला होते, त्यामुळे त्यांनी खाली वाकून काय पाहिलं ते मला दिसलं नाही. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नात वरपक्षानं मानपानावरून अडवल्यावर मुलीचा बाप उभा राहतो तसे ते उभे होते. मग कपाटाकडे गेले आणि रुमाल सोडला.

“इंगवले, सरांना विचारलंत का?”

“सिलिकॉनला इचारावं लागत न्हाई, बाई.”

दिवसभर यंत्र चालू राहिलं. पाचच्या सुमाराला कडेला भोकं असलेला तो लांब कागद घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सिलिकॉनचे आकडे त्यांना मुलीच्या जन्मतारखेसारखे माहीत होते.

“सिलिकॉन बी फुगलंय,” ते म्हणाले. “कांडीयेवढंच.”

मी कागद सरळ करून आकडे वाचले.

“ह्यो डबा माझ्या कपाटात हुता, बाई. त्याला कुनी मंद थंड केलं?”

बोलण्यासारखं खूप होतं. मी म्हणाले, “सरांना दाखवा.”

त्यांनी दाखवला. डॉक्टरांनी कागद वरून खाली आणि खालून वर पाहिला. “सिलिकॉन खराब झालं असेल,” असं ते पहिल्यांदा म्हणाले. ब्रह्मदेवाच्या हातचं काम एवढ्यात खराब झालं. मग ते गालिच्यापर्यंत गेले, बुटाच्या टोकानं कड उचलली, तांबडी रेघ पाहिली, चाक पाहिलं, आणि गालिचा परत पाडला. झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण प्रसिद्धीपत्रक थांबवायचं तर कारण द्यावं लागणार होतं, आणि कारणाला माणूस लागतो.

दोनच दिवसांत, अठ्ठावीस तारखेला, चौकशी बसली. समितीत तिघं: प्रशासनातले एक गृहस्थ, डॉ. कामत, आणि अध्यक्ष डॉ. हर्डीकर. ज्यांची चौकशी व्हायची तेच खुर्चीत, हे आमच्याकडे सोयीचं मानलं जाई, कारण माहिती त्यांनाच असते. समोर इंगवले उभे, बाजूच्या खुर्चीवर मी.

“गाडा कुणी हलवला?” प्रशासनाचे गृहस्थ म्हणाले.

“मी हलवला. सायबांनी सांगितला म्हून.”

“मी जागा करा म्हणालो होतो,” डॉक्टर म्हणाले. “गाडा हलवा म्हणालो नव्हतो.”

“चार बोटं मागं घ्या म्हनालात, सायेब.”

“बोटं हे काय माप आहे, इंगवले? मी शास्त्रज्ञ आहे. मी सेंटिमीटरमध्ये बोलतो.”

प्रशासनाच्या गृहस्थांनी हे लिहून घेतलं. त्यांना ते पटलेलं दिसलं.

कामतांनी नोंदवही पुढे ओढली. “वहीत नोंद नाही.”

“वही मला लिवता येत न्हाई, सायेब. नियमच हाय. वही सायंटिस लिवनार. मी जाताना बाईंना सांगून गेलतो. गाडा रेघंवर घ्या, न्हाईतर वहीत लिवा, आन सिलिकॉन लावा म्हून.”

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे, आपलेपणानं, उद्या ज्याच्याकडून नमस्कार घ्यायचा त्याच्याकडे बघावं तसे. मुलाखत दुसऱ्या दिवशी अकराला होती.

“देवस्थळी,” कामत म्हणाले, “इंगवल्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?”

हो म्हणायला एक अक्षर पुरे होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर चूक माझी ठरली असती. गाडा मागे आहे हे माहीत असून मोजमाप करणारी, वही कोरी ठेवणारी, शोधावर पेढे खाणारी मी. आणि ‘चार बोटं’ कुणी म्हटलं हेही मग मला विचारलं गेलं असतं. मला मिरजेचं स्टेशन दिसलं.

“त्या दिवशी खूप गडबड होती,” मी म्हणाले. “गाड्याबद्दल काही बोलल्याचं मला स्पष्ट आठवत नाही.”

इंगवल्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात खाकी पँटच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तो परत ठेवला.

“अजून काही सांगायचंय, इंगवले?” कामतांनी विचारलं.

“न्हाई, सायेब.”

मेमो टाईप होऊन आला. ‘वरिष्ठांस न कळविता उपकरण हलविल्याबद्दल.’ निवृत्तीला तीन महिने राहिले होते. त्या तीन महिन्यांसाठी त्यांचा अणुभट्टीच्या हॉलचा पास काढून घेतला आणि त्यांना भांडारात बसवलं, रबराचे बूट मापाप्रमाणे लावायला. एकतीस वर्षं ज्या रेघेवर त्यांनी नोकरी केली तिच्यापर्यंत जायची त्यांना बंदी झाली. जाताना त्यांनी गाडा रेघेवर आणून देऊ का, असं विचारलं होतं. नको म्हणून सांगण्यात आलं. तो नंतर दुसऱ्यांनी आणला, पोलादी टेप त्यांच्याकडूनच मागून घेऊन.

मुलाखत छान झाली. डॉक्टरांनी विचारलं, “तरंगलांबी अचूक यायला सर्वांत महत्त्वाचं काय?” मी म्हणाले, “अंतर बरोबर असणं, सर.” “वा,” ते म्हणाले. कामत समितीत होते. ते मान खाली घालून कागदावर चौकोन काढत बसले होते. मी कायम झाले. मामांचा इंजिनियर पुढच्याच महिन्यात दुसरीकडे बोहल्यावर चढला, म्हणजे थांबायला फारसा तयार नव्हताच.

हर्डीकर परिणामाचं पुढे काही झालं नाही, पण हर्डीकरांचं झालं. दोन वर्षांनी त्यांनी ‘मोजमापातील दक्षता’ या विषयावर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी त्यांना एक सन्मानचिन्ह मिळालं. सोफ्याला मे महिन्यात दाखला मिळाला. ‘इतर यांत्रिक सुटे भाग’ या सदरात. मी त्याच हॉलमध्ये तेहतीस वर्षं काढली, शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. आम्हाला सिलिकॉन लावल्याशिवाय मॅडम श्वास घेऊ देत नाहीत, अशी माझ्या हाताखालची मुलं माझी टिंगल करत. ती मला आवडायची, आणि का आवडायची ते मी कधी सांगितलं नाही.

राहिली गोष्ट जूनअखेरची. इंगवल्यांचा निरोपसमारंभ कँटीनमध्ये झाला. शाल, नारळ, वेफर्स. डॉक्टरांना बैठक होती, म्हणून विभागातर्फे चार शब्द मी बोलायचे होते. इंगवल्यांचं माप कधी चुकलं नाही, असं मी बोलले. टाळ्या पडल्या. लोक वेफर्सकडे वळल्यावर ते माझ्याजवळ आले.

“बाई, ह्ये तुमच्यापाशी ठिवा.”

रुमालात गुंडाळलेला सिलिकॉनचा डबा होता. मी तो घेतला. मग त्यांनी खिशातून आणखी एक गोष्ट काढली. नीट गुंडाळलेला, वर रबर लावलेला, पिवळा शिवणाचा टेप.

“आन ह्यो तुमचाच. गावासनं आलो त्या दिवशी गालिच्याखाली गावला. रेघंपाशी पडला हुता.”

इथवर मी जे सांगितलं त्यात एक गोष्ट गाळली आहे. कांडी लावल्याच्या चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, हॉलमध्ये कुणी नसताना मी गालिच्याची कड उचलली होती. गुडघ्यावर बसून रेघेपासून चाकापर्यंतचं अंतर मोजलं होतं आणि विसरू नये म्हणून टेपावर बॉलपेननं खूण केली होती. तेवढ्यात दाराशी बूट वाजले. मी गालिचा सोडून दिला आणि टेप खालीच राहिला. संध्याकाळच्या बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर गणित केलं. त्या अंतरानं आकडे किती फुगतील ते काढलं. आठवडा संपून कागद बाहेर आला तेव्हा कांडी तेवढीच फुगली होती, दशांशासकट. पेढे खाल्ले ते त्यानंतर.

“चौकशीत का नाही दाखवलात?” मी विचारलं.

“तुमी हो म्हनाल म्हून थांबलो हुतो,” ते म्हणाले. “मग तुमी न्हाई म्हनालात.”

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. कँटीनमध्ये साठ माणसं होती आणि मी कायम होते, म्हणून धरले नाहीत.

त्यांनी टेपाचं रबर काढलं, निळी खूण बोटानं दाखवली आणि टेप परत गुंडाळून माझ्या हातात दिला.

“साडेसात सेंटिमीटर. मी पोलादी टेपानं परत मोजलं. साडेसातच भरलं. माप मातूर तुमी बरोबर घेतलं हुतं, बाई.”

मग त्यांनी नारळ पिशवीत टाकला, शाल घडी करून त्यावर ठेवली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.